लांडग्याचा घसा बसला तेव्हा

माझं आडनाव परब. तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बऱ्याच घरांत मला 'लांडगे' म्हणून ओळखतात. एकदा तर लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. लांडगे, सहकुटुंब सहपरिवार' असं सुरेख अक्षरात लिहून आलं. नवरा मुलगा लहानपणी आमच्या वाचनालयात गोष्टी ऐकायला यायचा. गोष्टीतला लांडगा मी करायचो, म्हणून पोरं मला लांडगेकाका म्हणायची, आणि त्याच्या आईला ते माझं आडनावच वाटत होतं. माझ्या बायकोने, माधवीने, ती पत्रिका कितीतरी दिवस फ्रिजच्या दारावर लावून ठेवली होती. आम्ही लग्नाला गेलो आणि आहेराच्या पाकिटावर मी नाव 'लांडगे' असंच घातलं. मांडवात कुठे समजावत बसायचं?

राहायला मी कोपरीत, नोकरी डोंबिवलीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या बालविभागात. पुस्तकं देणं-घेणं, उसवलेली पुस्तकं शिवणं, सुट्टीत पोरांच्या भांडणांत मध्यस्थी करणं, हे पगाराचं काम. शनिवारी दुपारी सतरंजी टाकून लहान मुलांना गोष्ट सांगायची, हे काम मी होऊन अंगावर घेतलेलं. पहिल्या शनिवारी मी राक्षसाची गोष्ट काढली. माझी उंची सहा फूट, मिशा भरघोस, आणि आवाज असा की गणपतीतल्या नाटकात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. राक्षस पहिलं वाक्य बोलला आणि पुढे बसलेल्या मुलीने भोकाड पसरलं. तिचं बघून दुसरीने, मग सगळ्या सतरंजीने. दारातून आया धावत आल्या. मी घाबरलो आणि राक्षसाला उचकी लावली. खर्जात डरकाळी आणि मध्येच उचकी. रडणं थांबलं, कोणीतरी खुदकन हसलं. तिथून पुढे मी सरळ गोष्ट फार थोड्या वेळा सांगितली.

जुन्या परीकथा उलट्यापालट्या करून सांगणं हा माझा धंदा, वाचनालयात आणि बोलावतील तिथे. बाहेरच्याला वाटतं, काहीतरी वेडंवाकडं बोललं की पोरं हसतात. प्रत्यक्षात चार वर्षांच्या मुलाला हसवायचं तर मूळ गोष्ट त्याला पाठ असावी लागते. पाठ नसेल तर आधी ती सरळ सांगायची, लांडग्यासकट आणि भीतीसकट. मग पुढच्या शनिवारी तीच गोष्ट चुकवायची. चूक अशी हवी की ती पोराला पकडता यावी. त्याने पकडली तरी आपण लगेच मान्य करायची नाही. 'नाही बुवा, मला तर असंच आठवतंय' म्हणून अडून बसायचं. एवढं मोठं मिशीवालं माणूस चुकतंय आणि आपल्याला बरोबर माहीत आहे, याचा त्यांना इतका आनंद होतो की हातातला खाऊ विसरतात.

आजीचे कपडे घालून पांघरुणात शिरणाऱ्या लांडग्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझ्या लांडग्याला कपाटात आजीचं नऊवारी लुगडं मिळतं. ते नेसताना काष्ट्यात शेपूट अडकते, पदर पलंगाच्या पायाला गुंडाळला जातो, आणि नात दारात येते तेव्हा तो तिलाच सांगतो, 'जरा निऱ्या धर गं.' फुंकर मारून डुकरांची घरं पाडणाऱ्या लांडग्याच्या गोष्टीतल्या तिसऱ्या डुकराला मी घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. लिफ्ट बंद. लांडगा जिने चढून पोचतो तेव्हा फुंकर मारायला त्याच्यात श्वासच उरलेला नसतो. तिकडच्या टॉवरमधली मुलं मला आवर्जून विचारतात, की खाली वॉचमनने लांडग्याची नोंद केली होती की नाही. शहाडला एका बालवाडीत मी दर बुधवारी जातो. तिथे राजवाड्यातला नाच कोणाला कळेना. मग ती बूट हरवणारी मुलगी मी हळदीला पाठवली. डीजे लागलाय, सगळं गाव नाचतंय, मांडवाबाहेर चपलांचा ढीग. मुलगी घाईघाईत निघते आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात राजपुत्राची चप्पल घालून पळते. राजपुत्र तिला दारोदार शोधतो तो स्वतःच्या चपलेसाठी.

गिऱ्हाइकंही नमुनेदार भेटतात. घोडबंदरच्याच एका सोसायटीत कमिटीच्या बाईंनी गोष्टीआधी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लांडगा नको, मुलं रात्री घाबरतात, त्याऐवजी ससा घ्या. मी म्हटलं, सशाने दार वाजवलं तर डुक्कर दार उघडणार, आणि गोष्ट तिथेच संपणार. बाई म्हणाल्या, मग छानच की. मी सतरंजी गुंडाळली आणि घरी आलो. मुलांची भीती मी कधी काढून घेत नाही. क्षणभर तरी लांडगा खरा वाटला पाहिजे, त्याशिवाय त्याची फजिती झाल्यावर हसू कसं येणार? या एका बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही. तिथल्या मुलांना गोष्ट मिळाली नाही, याची रुखरुख मात्र आहे.

निवृत्त झालो तरी शनिवार माझ्याकडेच होता. मग गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची, साधीच, पण काढावी लागणार होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की आवाजाची नस त्या गाठीला चिकटलेली दिसते, काही सांगता येत नाही. ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, आणि आवाजही गेला. तोंड उघडलं की पंक्चर टायरमधून हवा जावी तसं काहीतरी बाहेर यायचं. व्यायाम सुरू झाले. पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढायचे, 'ऊ' लांबवायचा, मान सैल सोडायची. मी सगळं नेमाने केलं. महिने गेले आणि एक घोगरी कुजबुज तेवढी परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'काका, आता एवढ्यावर भागवावं लागेल. यावर जोर देऊ नका.'

माधवीला बरंच वाटलं असावं. ती म्हणाली, 'अहो, खूप झालं आता. इतकी वर्षं तुम्ही बोललात, आता जरा ऐका.' मी मान हलवली, पण मनात एकही शनिवार सोडायचा नव्हता.

आमच्या मुलीने, केतकीने, एक तोड काढली. माझ्या जुन्या गोष्टी तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या होत्या. ती एक छोटा स्पीकर घेऊन आली आणि म्हणाली, 'बाबा, आवाज यातून येईल. तुम्ही फक्त हावभाव करा.' कल्पना चांगली वाटली. शनिवारी वाचनालयात स्पीकर मागे ठेवून मी उभा राहिलो. माझाच जुना आवाज माझ्या पाठीमागून आला तेव्हा मला कसंसंच झालं, पण मी हात नाचवत राहिलो. थोडा वेळ मुलं बघत बसली. मग पुढच्या एका मुलीने विचारलं, 'थांब ना, डुकराच्या दाराचा रंग कुठला होता?' गोष्ट थांबली नाही. ती उठून स्पीकरजवळ गेली आणि पुन्हा म्हणाली, 'थांब ना.' स्पीकर पुढे बोलतच राहिला. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि आईकडे जाऊन बसली. एकेक करून बाकीची खिडकीशी गेली. माझा दणदणीत आवाज रिकाम्या सतरंजीला घर पाडायची धमकी देत होता. मी वळून स्पीकर बंद केला.

वाचनालयाचे कार्यवाह आठल्ये दारात उभे होते. सज्जन माणूस, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, शनिवारच्या त्या वेळेसाठी अबॅकसच्या क्लासवाल्यांनी हॉल मागितलाय, गोष्टीचा तास बंद करू या, तुमचा छान सत्कार करू. मी कुजबुजत त्यांना म्हटलं, 'सत्कार नको. दिवाळीच्या सुट्टीतला एक शनिवार द्या. पोरं उठून गेली तर हॉल अबॅकसवाल्यांचा.' त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी कान जवळ आणला, ऐकलं आणि जरा विचार करून हो म्हणाले.

मग मी दर बुधवारी शहाडला तालीम सुरू केली. तिथली बालवाडी म्हणजे एक खोली आणि एक ओटा. बाई पोरांना शिकवतात आणि शेवंताबाई खिचडी शिजवतात, पोरं सांभाळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात. शेवंताबाई तिथल्याच आगरी घरातल्या. मनात एक, तोंडात एक असं त्यांच्याकडे नसतं. पहिल्या बुधवारी मी आवाजाविना निभवायचं म्हणून नुसते हातवारे केले. पोरं बाहेर बांधलेली शेळी बघायला गेली. दुसऱ्या खेपेला मी चित्रं नेली, पोरांनी ती वाटून घेतली. तिसऱ्या खेपेला मी घसा ताणून ओरडायचा प्रयत्न केला आणि खोकत बसलो. शेवंताबाईंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, 'काका, तुमी काय बोलता ता मनाच ऐकू येत नाय. पोरांना काय ऐकू येनार?'

मला त्यांचा राग आला. घरी परतताना मी ठरवलं, की आता पुरे. पण बुधवार आला तसा सकाळी आपोआप तयार झालो. माधवीने डब्यात खडीसाखर घालून दिली.

त्या दिवशी खोलीत धूर कोंडला होता. दार कोणीतरी लावून घेतलेलं. मी शेवंताबाईंना म्हटलं, 'दार उघडा.' त्या चुलीशी होत्या. तिथून त्यांनी विचारलं, 'काय?' मी पुन्हा म्हटलं, 'दार उघडा.' त्यांनी ओरडून विचारलं, 'गार दूध? आता गार दूध कुठलं आनू, काका? खिचडी हाय.'

पोरं खदखदून हसली. एक पोरगा उठून माझ्यासारखा घोगरा आवाज काढून म्हणाला, 'गार दूध!' आणि पुन्हा हशा. धूर डोळ्यांत जात होता, तरी मी जागचा हललो नाही. लांडगा दारात उभा आहे, त्याचा घसा बसलाय, तो धमक्या देतोय आणि आतल्या डुकराला भलतंच ऐकू येतंय, अशी सगळी गोष्ट मला समोर दिसायला लागली. मी लांडग्याला मोठ्याने बोलायला लावत होतो. त्याला बोलता येत नाही, हीच गोष्ट सांगायची होती.

पुढचे बुधवार मी ती गोष्ट बांधत होतो. 'घर पाडीन' म्हटलं की डुकराला 'घर झाडीन' ऐकू येतं आणि ते खिडकीतून झाडू देतं. झाडू मी खराच वापरायचा असं ठरलं, बालवाडीतलाच. लांडगा रागारागाने अंगण झाडतो. शेवंताबाई चुलीशी बसून डुक्कर व्हायच्या. एकदा त्यांनी माझ्या हातातला झाडू बघून सांगितलं, की कोपऱ्यातला कचरा राहिलाय. तेही मी गोष्टीत घेतलं. अडचण एकच होती. शहाडची खोली लहान, पोरं माझ्या गुडघ्याला टेकून बसायची. डोंबिवलीचा हॉल मोठा, आणि तिथला पंखा विमानासारखा आवाज करतो.

तो शनिवार आला. हॉल गच्च भरला होता. पुष्कळ पालक मला बघायला आलेले, म्हणजे माझं कसं होतंय ते बघायला. मी आल्या आल्या पंखा बंद केला. ऑक्टोबरचं ऊन, पाच मिनिटांत सगळे घामाघूम. एका बाबांनी माईक का नाही म्हणून विचारलं. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, 'माईक असला तर डुकराला सगळं नीटच ऐकू येईल.' आठल्ये मागे हाताची घडी घालून उभे. माधवीही आली होती, शेवटच्या खुर्चीवर. ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

मी टेबलावर टकटक केलं आणि लांडग्याच्या आवाजात, म्हणजे माझ्याच आवाजात, म्हटलं, 'दार उघड.'

मागून एक मुलगा म्हणाला, 'ऐकूच येत नाही.'

याच वाक्याला आतापर्यंत मी घाबरायचो. त्या दिवशी मी त्याचीच वाट बघत होतो. लांडगा दचकला, त्याने कपाळाला हात लावला, घसा खाकरला आणि पुन्हा तेच म्हणाला. आता दोघा-तिघांनी सांगितलं, ऐकू येत नाही. मी डुकराच्या बाजूला जाऊन कानाला हात लावला, बराच विचार केला आणि विचारलं, 'गार दूध?'

मग सतरंजीवरून हसू उठलं ते मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. लांडगा कुजबुजायचा, सगळा हॉल श्वास धरून ऐकायचा, आणि मग चुकीचं काय ऐकू आलं ते ठरवायला झुंबड. 'घर पाडीन' ला 'घर झाडीन' पोरांनी स्वतः शोधलं, मी झाडू पुढे ओढायच्या आत. मी झाडत असताना मागच्या भिंतीशी बसलेली मुलं गुपचूप पुढे सरकत माझ्या पायांपर्यंत आली होती.

मग लांडगा चिडून म्हणाला, 'तुला खाऊन टाकीन.' याला डुकराने काय ऐकायचं ते मी ठरवून आणलं होतं. पण त्याआधीच लाल फ्रॉकमधली एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, 'गाऊन दाखवीन!' आणि सगळे सुरू झाले, गा, गा.

गाणं माझ्या तयारीत नव्हतं. ऑपरेशननंतर मी एकदाही गायलो नव्हतो, न्हाणीघरातसुद्धा नाही. सगळी पोरं तोंडाकडे बघत होती. मी तोंड उघडलं. एक सूर निघाला, चरचरला आणि मध्येच तुटला. पुढे नुसती हवा. पोरं लोटपोट हसायला लागली. ती लांडग्याला हसत होती की माझ्या घशाला, हे मला त्या क्षणी कळेना. कानशिलं तापली. झाडू टाकून खाली बसावं असं वाटलं. मागे बघितलं तर माधवी पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला माझ्या घशाचं रोजचं दुखणं माहीत होतं, आणि ती लांडग्याला हसत होती. मी मान वर केली आणि दुसरी ओळ घेतली. तीही तुटली. तिसरी पोरांनी माझ्याबरोबर म्हटली, सगळ्यांनी तसाच घोगरा, फाटका आवाज काढून.

शेवटी डुकराला लांडग्याची दया आली आणि त्याने दार उघडून त्याला गरम हळदीचं दूध दिलं. गार नाही, हे पोरांनी मला बजावून सांगितलं. एकही मूल उठून गेलं नव्हतं. आठल्ये जवळ आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, 'परब, अबॅकसवाल्यांना मी रविवार सकाळ देतो. पुढच्या वेळी पंखा तेवढा चालू ठेवता आला तर बघा.' मी म्हटलं, बघतो. त्यांना ऐकू आलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

जुना आवाज गेला त्याचं दुःख आहेच. राक्षस गेला. विहिरीच्या तळातून बोलणारा बेडूक गेला, तो माझा फार लाडका होता. कुजबुजणाऱ्या राक्षसाची गोष्ट शहाडला जमवून बघतोय. शेवंताबाईंच्या मते ती अजून कच्ची आहे, आणि मलाही तसंच वाटतं. बुडबुड्यांचा व्यायाम सोडलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेला नियम पाळतो, एका दिवशी एकच गोष्ट, आणि गोष्टीआधी तासभर गप्प.

त्या शनिवारी जिन्यातून उतरताना सगळी पोरं घोगऱ्या आवाजात बोलत होती. खाली एक आई आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघत होती, घसा कशाने धरला म्हणून.

आणि पुढच्या शनिवारी, मी गोष्टीला वर जात असताना, एका बाबांनी मला जिन्यातच गाठलं. भारदस्त माणूस, आवाजही भारदस्त, माझा पूर्वी होता तसा. मुलाचा हात धरून उभे होते. म्हणाले, आठवडाभर रोज झोपताना याला लांडग्याची गोष्ट सांगतोय. मी चांगला खर्जातला आवाज लावतो. हा माझ्या तोंडावर हात ठेवतो आणि म्हणतो, लांडगा असा बोलत नाही, बाबा. तुला येत नाही.

मुलाने खालूनच सांगितलं, 'याला खरंच येत नाही.'

बाबा जरा ओशाळले. मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, 'काका, तो आवाज कसा काढायचा, ते जरा शिकवाल का?'

गोष्टीआधी गप्प राहायचा नियम मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. त्यांना हनुवटी खाली घ्यायला सांगितली, खांदे सैल सोडायला लावले, श्वास अर्धाच घ्या म्हटलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज स्वच्छ आला. मुलाने नकारार्थी मान हलवली. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी जरा खरखर आली. पुस्तकं बदलायला आलेल्या एक आजी दोन पायऱ्या खाली थांबून आमच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना वाट करून दिली आणि बाबांना म्हटलं, 'अजून एकदा. थोडा आणखी बिघडवा.'